मध्यम पातळीचा किरणोत्सारी कचरा: काकरापार शेजारी आहे, नियम माहीत हवेत

पांझराकाठ
अणुविजेवरच्या मागच्या धाग्यात जे भांडण झालं ते सगळं वापरलेल्या इंधनाभोवती फिरलं. काचेत गोठवायचं की नाही, हजारो वर्षं कोण जपणार, वगैरे. त्याच्या एक पायरी खालचा जो कचरा असतो, ज्याला मध्यम पातळीचा म्हणतात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नियमांची खरी कसोटी तिथे लागते. म्हणून वेगळा धागा.

खान्देशातल्या माणसाला हा विषय लांबचा वाटतो. पण नवापूर सोडलं की सोनगढ, मग व्यारा, आणि तिथून जवळच काकरापारचं अणुवीज केंद्र. सुरत–भुसावळ गाडीने जाणारा प्रत्येक जण त्या पट्ट्यातून जातो. तिथे २२० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या १९९३ आणि १९९५ पासून चालू आहेत, ७०० मेगावॉटच्या आणखी दोन २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी उत्पादनात आल्या. आपली तापी उकाईच्या धरणात जाते आणि उकाईच्या खालच्या अंगाला त्याच पाण्यावर हा प्रकल्प उभा आहे.

मध्यम पातळीचा कचरा म्हणजे काय? भट्टीतलं पाणी शुद्ध ठेवणारी रेझिन, गाळण्या, रासायनिक गाळ, पुनर्प्रक्रियेत (म्हणजे वापरलेल्या इंधनातून कामाची द्रव्यं परत काढताना) इंधनावरून उतरवलेली धातूची टरफलं, भट्टीच्या पोटातून काढलेले जुने भाग. हा कचरा स्वतःच्या उष्णतेने तापत नाही, त्यामुळे थंड ठेवण्याची सोय लागत नाही. पण हात लावण्यासारखाही नसतो, काँक्रीटचं किंवा शिशाचं कवच लागतंच.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये कचऱ्याचं जे वर्गीकरण केलं, त्यात कमी आणि मध्यम पातळीमधली रेघ प्रामुख्याने आयुष्यावर ओढली आहे. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं. दहा अर्धायुष्यं म्हणजे ३०० वर्षं, तोवर ते हजारावा हिस्सा उरतं. स्ट्रॉन्शियम-९० चंही जवळपास तसंच. म्हणून अशा कचऱ्याला जमिनीत काही मीटरवर काँक्रीटच्या खंदकात ठेवायचं आणि ३०० वर्षं राखण करायची, हा हिशेब जगभर चालतो. प्लुटोनियम-२३९ मात्र २४ हजार वर्षांनी निम्मं होतं, कार्बन-१४ ला ५,७३० वर्षं लागतात. तिथे ३०० वर्षांची राखण कामाची नाही. दीर्घायुषी द्रव्यं ठराविक मर्यादेपलीकडे गेली की कचरा मध्यम पातळीत जातो आणि त्याला दहा-वीस मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत खोली हवी, असं ते वर्गीकरण सांगतं. काही देशांनी दीर्घायुषी अल्फा (म्हणजे अल्फा कण सोडणाऱ्या) द्रव्यांसाठी सरासरी ४०० बेकरेल प्रतिग्रॅम (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) आणि एकट्या पिंपासाठी जास्तीत जास्त ४,००० अशी मर्यादा घातली आहे.

माझं म्हणणं एवढंच की कुठल्याही प्रकल्पाला पहिला प्रश्न भिंत किती जाड आहे हा विचारू नये. आत काय पुरलंय, ते किती वर्षं जगणार आहे आणि पाणी तिथवर कसं पोचेल, हे विचारावं.

रावेरी_बाग
सर, चांगला धागा. एक शंका. आमच्याकडे कृषी मेळाव्यात एका व्याख्यात्याने सांगितलं की केळ्यातही किरणोत्सार असतो, मग अणुकचऱ्याला काय घाबरायचं. आमच्या रावेर-यावलच्या मालावर असं कुणी बोललं की वाईट वाटतं. खरं काय आहे?

पांझराकाठ
भाऊ, केळ्यात पोटॅशियम असतं आणि निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० चा अगदी बारीक अंश असतो. एका मध्यम केळ्यात साधारण १५ बेकरेल. पण शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं. केळी खाऊन ते साठत जात नाही. तुमच्या मालाला यातून काडीचा धोका नाही.

आणि या उदाहरणाने कचऱ्याचा प्रश्नही सुटत नाही. प्लुटोनियम, अमेरिशियम ही अल्फा देणारी द्रव्यं श्वासातून किंवा पाण्यातून आत गेली तर हाडात आणि यकृतात जाऊन बसतात, वर्षानुवर्षं निघत नाहीत. बेकरेलला बेकरेल लावून तुलना केली की हाच फरक झाकला जातो. अणुविजेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे उदाहरण सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं, लोकांचा विश्वास त्याने कमीच होतो.

नवापूर_शिक्षिका
मी नवापूर तालुक्यात शिकवते. उकाईच्या पाण्यात आमच्या भागातली गावंच्या गावं गेली, माझ्या आजोळचंही. त्यामुळे 'राष्ट्रीय प्रकल्प, काळजी करू नका' हे वाक्य आमच्याकडे कसं ऐकलं जातं ते सांगायला नको. काकरापारच्या कचऱ्याचं पाणी आमच्या बाजूला येऊ शकतं का? आणि सुरक्षित म्हणजे किती सुरक्षित, याचा काही आकडा आहे का?

शिरपूरकर
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपली अहिराणी देते. तापीनं पानी वरून खाले जास, खालून वर येत नई. काकरापार उकाईच्या खाली शे.

पांझराकाठ
शिरपूरकरांचं बरोबर आहे. नदीचा उतार आपल्याकडून तिकडे आहे आणि मध्ये उकाईचं धरण आहे. पाण्याची वाट धरली तर पहिला प्रश्न खालच्या अंगाच्या गावांचा येतो. पण ती माणसंही आपलीच, निम्म्या नवापूरची सोयरीक तिकडे आहे.

आकडा आहे. सामान्य माणसाला सगळ्या नियंत्रित स्रोतांतून मिळून वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा (हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप) जास्त मात्रा मिळू नये, ही मर्यादा भारतातही आहे. कचरा पुरून जागा बंद केल्यानंतरच्या काळासाठी आंतरराष्ट्रीय मानक (२०११ चं) आणखी खाली जातं. एका विल्हेवाट जागेमुळे वर्षाला ०.३ मिलिसीव्हर्ट किंवा तेवढ्याच तोडीचा, वर्षाला लाखात एक असा धोका. निसर्गातून, म्हणजे माती, खडक, आकाश आणि घरातल्या रेडॉन वायूतून, जगात माणसाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे ही मर्यादा त्याच्या आठव्या हिश्शाएवढी आहे.

आता हे दोनशे, पाच हजार वर्षांनंतरचं सिद्ध कसं करणार? मोजून करता येत नाही, हिशेबानेच करावं लागतं. पिंप गंजलं, काँक्रीटला भेगा गेल्या, पाणी आत शिरलं, द्रव्य मातीतून हळूहळू सरकलं, कुंपणालगत कुणी विहीर खोदली आणि तेच पाणी प्यायलं, त्याच पाण्यावर भाजी पिकवली, असं धरून चालायचं. त्या काल्पनिक माणसाला किती मात्रा मिळेल ते काढायचं. हा माणूस जास्त मात्रा मिळणाऱ्यांपैकी धरतात, हे मला या मानकातलं सर्वांत प्रामाणिक कलम वाटतं.

आणखी एक शक्यता वेगळी मोजतात. राखण संपल्यावर कुणी नकळत तिथेच बोअर मारला किंवा पाया खणला तर? त्यातून मात्रा वर्षाला १ मिलिसीव्हर्टच्या आत राहत असेल तर ठीक. १ ते २० च्या मध्ये असेल तर आराखडा सुधारून ती शक्यता किंवा परिणाम कमी करायचा. २० च्या वर जात असेल तर तो कचरा तिथे ठेवायचाच नाही, खोल न्यायचा. आपल्याकडे बोअर मारताना कोण कुठला नकाशा बघतो ते आपण सगळे जाणतो. त्यामुळे खान्देशी माणसाने हे कलम नीट वाचावं.

अमळनेर_निवृत्त
मी तारापूरला कचरा विभागात नोकरी केली, आता अमळनेरला असतो. प्रत्यक्ष काम कसं चालतं ते थोडं लिहितो.

आपल्याकडे प्रत्येक अणुकेंद्राच्या आवारातच जमिनीलगतची विल्हेवाट जागा असते. कचरा दूर कुठे नेऊन टाकत नाहीत. घनकचऱ्याचे वर्ग आमच्या काळात पृष्ठभागावरच्या मात्रेवरून ठरत. ताशी २ मिलिग्रेपर्यंत (मिलिग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं माप) पहिला वर्ग, तो दगडी बांधणीच्या चरात. २ ते २० दुसरा, तो आरसीसी खंदकात. २० च्या वर तिसरा, तो टाइल होलमध्ये. टाइल होल म्हणजे जमिनीत उभी बसवलेली, आतून पोलादी अस्तर असलेली काँक्रीटची नळी, साधारण चार मीटर खोल. कचरा आत उतरवायचा, मोकळी जागा भरून काढायची, वरून काँक्रीटने बंद करायचं. अल्फा द्रव्यांचा चौथा वर्ग होता, तो या जागेत पुरायचाच नाही, वेगळा साठवायचा.

द्रव कचरा द्रव म्हणून कधीच पुरत नाहीत. पुनर्प्रक्रियेतल्या मध्यम पातळीच्या द्रवातून सीझियम आणि स्ट्रॉन्शियम खास रेझिनवर ओढून घेतात. त्यामुळे तीव्र भाग थोड्या आकारात गोळा होतो आणि उरलेलं पाणी कमी पातळीचं होतं. गाळ आणि वापरलेली रेझिन सिमेंटमध्ये किंवा पॉलिमरमध्ये घट्ट करतात. त्या ठोकळ्याची ताकद तपासतात आणि पाण्यात ठेवून त्यातून काय झिरपतं ते मोजतात. आत मोकळं पाणी शिल्लक चालत नाही. सिमेंट आणि रेझिनचं पटकन जमत नाही, रेझिन पाणी पिऊन फुगली की ठोकळा तडकतो. या एका गोष्टीवर आम्ही जेवढं डोकं घातलं तेवढं दुसऱ्या कशावर घातलं नसेल.

खंदकांभोवती बोअर घेतलेले असतात. त्यांचं पाणी ठरलेल्या वेळी काढून तपासायचं. पुरलेल्या प्रत्येक पिंपाची नोंद असते: कुठे, कधी, काय, किती. अणुऊर्जा नियामक मंडळ परवानगीत किती क्युरी (बेकरेलसारखंच, पण फार मोठं एकक) पुरायच्या याची हद्द घालून देतं. हे सगळं १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९८७ मध्ये झालेल्या सुरक्षित विल्हेवाटीच्या नियमांनी बांधलेलं होतं.

पांझराकाठ
काका, फार मोलाचा प्रतिसाद. एक विचारतो. पृष्ठभागावरच्या मात्रेवरून वर्ग ठरवला तर काम करणाऱ्याला आज किती धोका आहे ते कळतं. पण अल्फाच्या वर्गात न येणाऱ्या, बीटा किरण देणाऱ्या दीर्घायुषी द्रव्यांचं काय? २२० मेगावॉटच्या जडपाण्याच्या भट्टीत इंधनाच्या ३०६ वाहिन्या असतात, प्रत्येकीत एक दाबनळी. नव्या बनावटीच्या दाबनळ्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम घातलेल्या मिश्रधातूच्या असतात. भट्टीत वर्षानुवर्षं राहिल्यावर त्यातल्या नायोबियमचं काही प्रमाणात नायोबियम-९४ होतं, त्याचं अर्धायुष्य २० हजार वर्षांच्या आसपास. शंभर वर्षांनी बाहेरून मात्रा खाली आलेली दिसेल, पण आतलं नायोबियम तिथेच असेल.

अमळनेर_निवृत्त
प्रश्न रास्त आहे. म्हणूनच २०११ मध्ये मंडळाने वर्गीकरणाचं स्वतंत्र मार्गदर्शक काढलं. मात्रेबरोबर द्रव्यांची यादी मागायची, हा विचार बरोबरच आहे. भट्टीच्या पोटातल्या धातूला खोल जागाच हवी, निदान माझं मत तरी तसं आहे. आपल्याकडे खोल भूगर्भीय जागा अजून झालेली नाही, तोवर हे सांभाळून साठवणं आणि परत काढता येईल असं ठेवणं हाच मार्ग.

काळाखडक
जळगावला भूशास्त्र शिकवतो. 'सातपुड्यात खोल पुरा की' असं मागच्या धाग्यात कुणीतरी सहज लिहून गेलं होतं, त्याला उत्तर राहिलं होतं.

आपला दख्खनचा बेसाल्ट वरून अखंड दिसतो. प्रत्यक्षात तो एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, मधला भाग उभ्या सांध्यांनी चिरलेला, आणि दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. पाणी या सगळ्यातून वाट काढतं. त्यात नंदुरबार-धुळ्याच्या डाइक, म्हणजे जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले काळ्या दगडाचे पट्टे. डाइकच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, हे साक्री-नंदुरबारचा शेतकरी पुस्तकाशिवाय सांगेल. भूजल कुठे अडतं आणि कुठे निसटतं याचा अंदाज बांधणं इथे अवघड आहे, आणि या मानकांचा सगळा हिशेब त्याच अंदाजावर उभा राहतो.

उत्तरेला यावल-रावेरकडे तापीच्या गाळाचा जाड थर आहे आणि त्याखाली नर्मदा-तापीची भेगांची मोठी रेषा. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. अमेरिकेत हॅनफर्डला बेसाल्टमध्ये खोल जागा करायचा विचार वर्षानुवर्षं चालला होता, तो १९८७ मध्ये सोडून दिला. खान्देशाचा खडक या कामाचा नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

चोपडा_आप्पा
वाचतोय. आप्पासारख्या माणसालाही कळेल असं लिहिताहेत सगळे.

दीपनगर_भुसावळ
आमच्या औष्णिक केंद्राच्या राखेतही युरेनियम, थोरियम असतं म्हणतात. ती पण यात येते का?

पांझराकाठ
कोळशात मुळातच जे असतं ते राखेत एकवटतं, पण प्रमाण फार कमी. मध्यम पातळीच्या जवळपासही ती जात नाही. राखेचे धुळीचे आणि पाण्याचे त्रास वेगळे आणि खरे आहेत, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी लिहीन.

शंकेखोर_धुळे
मानकं कागदावर सुंदर असतात. मोडली कशी जातात तेही लिहा.

पांझराकाठ
लिहितो, दोन्ही उदाहरणं मुद्दाम अभ्यासावीत अशी आहेत.

जर्मनीत आस्से नावाची मिठाची जुनी खाण. १९६७ ते १९७८ मध्ये तिथे सुमारे सव्वा लाख पिंपं ठेवली, त्यातली तेराशेच्या आसपास मध्यम पातळीची. मीठ कोरडं असतं, म्हणून जागा चांगली, असा युक्तिवाद होता. पण खाण आधीच पोखरलेली होती. १९८८ पासून रोज काही हजार लिटर खारं पाणी आत येऊ लागलं. शेवटी २०१३ मध्ये खास कायदा करून सगळी पिंपं बाहेर काढायचं ठरलं, आणि ते काम टाकण्याच्या कामापेक्षा कितीतरी पट अवघड आहे. दुसऱ्या कामासाठी खणलेली जागा फुकट मिळते म्हणून वापरली, हे त्याचं मूळ. आपल्याकडे बंद खाणींची नावं कुणी सुचवली की मला आस्से आठवते.

दुसरं अमेरिकेतलं, न्यू मेक्सिकोत. जमिनीखाली ६५५ मीटर, मिठाच्या थरात, खास याच कामासाठी खणलेली जागा, १९९९ पासून चालू. प्लुटोनियमने माखलेला कचरा तिथे जातो. फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटलं. लॉस अलामॉसला ते भरताना ओल शोषायला पाळीव मांजरांच्या शौचासाठी वापरतात त्या मातीसारखा खनिज पदार्थ घालायचा होता, त्याऐवजी गव्हापासून केलेला सेंद्रिय पदार्थ घातला गेला. आत नायट्रेटचे क्षार होते. दोघांची प्रक्रिया होऊन पिंप तापलं आणि फुटलं. जागा जवळपास तीन वर्षं बंद राहिली. खडक, खोली, आराखडा सगळं ठीक होतं, चूक झाली ती पिंप भरण्याच्या टेबलावर.

शंकेखोर_धुळे
आणि आपल्या शेजारी?

पांझराकाठ
जून १९९४ मध्ये अतिवृष्टीत काकरापारच्या टर्बाइन इमारतीत पुराचं पाणी शिरलं होतं. तो कचऱ्याचा अपघात नव्हता. पण तापीच्या काठावर पूर हा आराखड्यातला पहिला शत्रू धरायला हवा, एवढं त्यातून कळतं.

जळगाव_रेडिओथेरपी
मी रुग्णालयात किरणोत्सार सुरक्षेचं काम पाहते. खान्देशात अणुभट्टी नाही, पण किरणोत्सारी स्रोत आहेत, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कर्करोगाच्या उपचारातलं कोबाल्ट-६०, कारखान्यात जाडी किंवा पातळी मोजणाऱ्या यंत्रातलं सीझियम, वेल्डिंग तपासणाऱ्यांचं इरिडियम. काम संपल्यावर हे स्रोत पुरवठादाराकडे किंवा नवी मुंबईच्या ब्रिटकडे (अणुऊर्जा खात्याची किरणोत्सारी स्रोत पुरवणारी संस्था) परत करायचे असतात आणि त्याची नोंद नियामक मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीत होते.

जे परत जात नाही ते भंगारात जातं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाचं जुनं यंत्र लिलावात भंगारवाल्याला गेलं, आत कोबाल्ट होतं, एक जण दगावला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये बंद दवाखान्यातलं सीझियम असंच फुटलं, चार जण गेले आणि साफसफाईतून साडेतीन हजार घनमीटर कचरा तयार झाला. भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या भंगारवाल्यांना ते तीन पाकळ्यांचं चिन्ह ओळखता येतं का, हे कुणी विचारत नाही. जड, शिशाचं, जाडजूड डबडं आलं की फोडू नका, लांब राहा आणि पोलिसांना कळवा, इतकं जरी त्यांना सांगितलं तरी जीव वाचतील.

अमळनेर_निवृत्त
ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मध्यम पातळीचा कचरा सामान्य माणसाच्या हातात पडायची शक्यता कुठे असेल तर ती इथेच.

मोडी_धुळे
मी वेगळ्या बाजूने येते. ३०० वर्षं नोंदी जपायच्या म्हणता. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात (१९२७ पासूनचं) मोडी कागद वाचायला मी जाते. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे कागद आहेत, शाई शाबूत आहे, कागदही बऱ्यापैकी आहे. वाचणारे मात्र हाताच्या बोटावर मोजण्याइतके. मग पिंपांची नोंद संगणकात ठेवली तर ती कोण उघडणार?

पांझराकाठ
फ्रान्सने यावर केलेला उपाय तुम्हाला आवडेल. मांश इथली त्यांची जागा १९६९ ते १९९४ चालली, सव्वापाच लाख घनमीटरहून जास्त कचरा आहे, आणि ३०० वर्षं देखरेख ठरली आहे. त्यांनी सगळ्या नोंदी टिकाऊ कागदावर छापल्या, एक प्रत जागेवर आणि दुसरी राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. शिवाय सामान्य माणसासाठी थोडक्यात गोषवारा केला.

आपल्याकडे पांझरेवरची पाणीवाटपाची फड पद्धत आठवा. शेकडो वर्षं बंधारे, पाट आणि पाण्याच्या पाळ्या गावाने सांभाळल्या, कारण पाटकऱ्याचं काम आणि हक्क पुढच्या पिढीकडे जात होते. कुणाला तरी रोज ते काम पडत होतं म्हणून ते टिकलं. कचऱ्याच्या नोंदीशी रोजचं काम असलेली माणसं पुढच्या पिढ्यांत कोण असतील, याचं उत्तर परवानगीच्या कागदातच हवं.

नवापूर_शिक्षिका
आणि लोकांना विचारायचं कधी? आमच्याकडे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, ग्रामसभा आहे.

पांझराकाठ
कॅनडात ह्युरॉन सरोवराजवळ ६८० मीटर खोल जागा करायचं ठरलं होतं, कमी आणि मध्यम पातळीच्या कचऱ्यासाठी. बरीच वर्षं अभ्यास झाला. तिथल्या सॉगीन ओजिब्वे या मूळ रहिवाशांनी जानेवारी २०२० मध्ये मतदान केलं: विरोधात १,०५८, बाजूने १७०. कंपनीने आधीच शब्द दिला होता की त्यांच्या संमतीशिवाय पुढे जाणार नाही, आणि योजना सोडली. फिनलंडमध्ये उलट झालं, ओल्किलुओतोला १९९२ पासून खडकात साठ ते शंभर मीटरवर असा कचरा शांतपणे ठेवला जातोय, आणि तिथे मोठ्या अणुप्रकल्पाला नकार द्यायचा हक्क गावाला कायद्याने आहे. नाही म्हणता येत असेल तर लोक हो सुद्धा म्हणतात.

आता कामाचं. माहिती अधिकारात मी अर्ज करतोय. विचारणार आहे: काकरापारच्या आवारातल्या खंदकांमध्ये आणि टाइल होलमध्ये परवानगी किती क्युरींची आणि भरलं किती, दीर्घायुषी द्रव्यांची यादी ठेवतात का, बदललेल्या दाबनळ्या कुठे आणि कशा साठवल्यात, पुराची कुठली पातळी धरून जागा आखली, बोअरच्या पाण्याच्या तपासण्यांचे निकाल, आणि राखण किती वर्षांची व त्याचा खर्च कोण सोसणार.

अमळनेर_निवृत्त
एक जोडा. भट्टी सुरू होण्याआधीच्या मोजण्या मागा. प्रकल्प येण्यापूर्वी माती, पाणी, मासे, दूध यातला किरणोत्सार मोजलेला असतो. तो आकडा हातात नसेल तर आजच्या निकालाला अर्थ नाही. आणि 'सर्व मर्यादेत आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं तर अपिलात प्रत्येक बोअरचा वेगळा आकडा मागा.

नवापूर_शिक्षिका
मसुदा मला पाठवा, सर. माझी मावसबहीण सोनगढला असते, तिच्यासाठी गुजरातीत करून देते. खालच्या अंगाच्या दोन-तीन गावांनीही हाच अर्ज लावला तर बरं.